निशाणी डाव्या अंगठ्याची

गुंडप्पाच्या थोरल्या मुलाचं, रुद्रेशचं, लग्न झालं ते एक्क्याण्णव साल. गुंडप्पाचे वडील, म्हातारे शिवशंकर आप्पा, त्याआधीच्या पावसाळ्यात गेले होते, आणि वर्षाच्या आत घरात कार्य झालं पाहिजे म्हणून वैशाखातली तीथ धरली होती.

लग्नाला शिवगंगा आठ दिवस आधी सिरसाळ्याला आली. ती गुंडप्पाची पाठची बहीण. तिला केजच्या पुढं सहा कोसांवर दिलं होतं. नवरा जाऊन चार वर्षं झाली होती, पोटी मूलबाळ नव्हतं, दिराच्या घराच्या मागच्या खोलीत तिचा संसार होता. खोली म्हणजे पूर्वीचा कडब्याचा कोठा. दार लावलं तरी वरून वीतभर उघडं राहायचं आणि दिराची बायको येताजाता त्या वीतभरातून आत काय शिजतंय ते विचारायची.

लग्नात शिवगंगेनं दोन पायलीच्या शेवया एकटीनं वळल्या. सिरसाळ्यातल्या बायका म्हणाल्या, भावाच्या घरी राबावं तर असं. तिला राबल्याचं काही वाटलं नाही. तिच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. बाप जायच्या आधी गुंडप्पाच्या देखत म्हणाला होता, "निंबापासून वढ्यापतोरचा तुकडा गंगीचा. तिला कुनाच्या दारात बसाया लावू नका." दोन एकर जमीन होती ती. तिच्या कडेलाच बापाला लिंगायत रीतीनं समाधीत बसवला होता. तिथं चार पत्रे टाकून राहायचं, हे तिनं मनात बांधून ठेवलं होतं. पण भावाला विचारायचं कसं? बहिणीनं जमिनीचं नाव काढलं की माहेर तुटतं, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

मांडव अजून निघाला नव्हता तेव्हा गुंडप्पानं आपणहूनच विषय काढला.

"गंगे, उद्या परळीला जाऊ. आप्पाच्या जमिनीला तुजं नाव लावून घिऊ."

तिच्या हातातलं ताट तसंच राहिलं. "माजं नाव?"

"मंग कुनाचं? आप्पा बोललं व्हतं का न्हाई? त्येंचा शबुद मोडू व्हय मी?"

गुंडप्पाची बायको सत्यभामा आतून नवीन लुगडं घेऊन आली. "ह्ये नेसून जा वन्सं. हापिसात जायचं म्हंजी नीट जावं."

दुसऱ्या दिवशी जीपनं परळीला गेले. गुंडप्पा, शिवगंगा, आणि साक्षीला गावचे सरपंच विठ्ठलराव. रजिस्टर कचेरीच्या बाहेर पिंपळाखाली अर्जनवीस बसला होता. त्यानं कागद आधीच तयार ठेवला होता. गुंडप्पानं चष्मा लावला, कागद डोळ्यांसमोर धरला आणि मोठ्यानं वाचला. शिवशंकर आप्पांची कन्या शिवगंगा हिचे नाव वडिलांच्या जमिनीस वारस म्हणून लावण्यात यावे, निंबापासून ओढ्यापर्यंतचा तुकडा तिच्या वहिवाटीस राहील, तिच्या हयातीत कुणी हरकत घेणार नाही. वाचताना कुठं अडखळला नाही. एका ओळीवर तर थांबून म्हणाला, "ही वळ ऐक नीट, ही तुजी हाय," आणि ती ओळ पुन्हा वाचली.

आत साहेबानं मान वर न करता विचारलं, "बाई, कागद वाचून दाखवला का? कबूल आहे ना? राजीखुशीनं?"

"व्हय सायेब," शिवगंगा म्हणाली. "लई राजीखुशीनं."

विठ्ठलराव हसले, अर्जनवीस हसला, गुंडप्पाही हसला. त्या हसण्यात आपुलकी आहे असं तिला वाटलं म्हणून तीही हसली. शाईच्या गादीवर डावा अंगठा टेकवून तिनं कागदावर उमटवला. येताना वैजनाथाच्या पायऱ्यांवर डोकं टेकलं, पदराच्या गाठीतल्या पैशांनी पावशेर पेढे घेतले, आणि घरी येऊन पहिला पेढा भावाच्या तोंडात घातला.

त्यानं तो खाल्ला.

पेढ्याची ही गोष्ट ध्यानात ठेवावी. शिवगंगेनं गिळलेला सगळा अपमान पुढं पचवला असता, पण तो पेढा तिला कधी पचला नाही.

जमीन ताब्यात यायला तिला घाई नव्हती. गुंडप्पा म्हणाला, या साली पेरलेलं हाय, निघू दे. पुढच्या साली म्हणाला, बांध घालायचाय. तिसऱ्या साली म्हणाला, तू एकटी बाई, माळावर ऱ्हानार कशी? बहिणीनं तेही ऐकलं.

चौऱ्याण्णव साली तिच्या सासरगावात साक्षरतेचा वर्ग निघाला. शाळेतल्या मास्तरांची सून रोहिणी दुपारच्या वेळी चावडीत बायकांना शिकवायची. सरकारनं पाट्या दिल्या होत्या. शिवगंगेचं वय तेव्हा बावन्न. पहिले पंधरा दिवस तिच्या हातात खडू म्हणजे खुरप्यासारखा चालायचा, पाटी कोरून काढायची. बाकीच्या बायका नाव लिहायला आलं की थांबल्या. ही थांबली नाही. तिला अक्षरांची चटक लागली. मिठाच्या पुडीवरचं वाचायची, एसटीच्या पाटीवरचं वाचायची, भिंतीवर निवडणुकीत रंगवलेलं वाचायची. एकच होतं, तिचं अक्षर काही लहान होईना. एका ओळीत दोन शब्द मावायचे. रोहिणी म्हणायची, "शिवगंगाकाकू, तुमचं एकेक अक्षर म्हणजे कलिंगड आहे."

"नजर कमी हाय बाई," ती म्हणायची. "मोठं काढलं तर दिसतं."

पुढच्या उन्हाळ्यात ती माहेरी गेली. पण आधी घरी गेली नाही. सिरसाळ्याच्या तलाठ्याकडं गेली आणि म्हणाली, "बापाच्या जिमिनीचा सातबारा दाखवा. मला माजं नाव वाचायचंय."

तलाठ्याला गंमत वाटली. त्यानं मोठं दप्तर उघडून समोर धरलं. तिनं बोट ठेवून नावं वाचली. गुंडप्पा शिवशंकर. त्याच्याखाली तिचं नाव होतं. शिवगंगा. चारही अक्षरं तिनं मनात हलकेच म्हटली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिला दिसलं की नावाच्या दोन्ही बाजूंनी रेघ वाकवून नाव कोंडल्यासारखं केलंय.

"ह्ये काय हाय?"

"कंस. कंसात घातलं म्हणजे नाव कमी झालं."

"कुनी कमी केलं?"

तलाठ्यानं पान उलटून नोंद बघितली. "तुमीच की, मावशी. हक्कसोडपत्र दिलंय तुमी. एक्क्याण्णव साली. रजिस्टर हाय."

ती तशीच परळीला गेली. अर्ज दिला. तिसऱ्या खेपेला कागदाची नक्कल हातात पडली. ती घेऊन केजच्या गाडीत बसली आणि सासरी येऊन कोठ्याचं दार लावलं. कागद चार पानी होता आणि त्यातली भाषा कचेरीची होती. वाचायला तिला चार दिवस लागले. नाव लावायचं कुठंच लिहिलं नव्हतं. 'माझा सदर जमिनीवर कोणताही हक्क, हिस्सा अगर संबंध राहिलेला नाही.' निंबाचा शब्द नव्हता, ओढ्याचा नव्हता. शेवटी लिहिलं होतं, 'हे हक्कसोडपत्र मी माझ्या राजीखुशीने व अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून दिले.' आणि खाली, 'निशाणी डाव्या अंगठ्याची, शिवगंगा.'

मग भावानं जे वाचून दाखवलं ते कुठून आलं? कागद डोळ्यांसमोर धरून, चष्म्यातून एकेका ओळीवर नजर फिरवत त्यानं जे वाचलं, ते सगळं त्यानं तिथल्या तिथं मनानं रचलं होतं. एक ओळ तर दोनदा म्हणून दाखवली होती. जमीन घेतली ती घेतलीच. पण ते न अडखळणं आठवलं की तिच्या कानशिलात घण बसायचे.

पंचवीस माणसं जमतील अशी वेळ धरून, बाजारच्या दिवशी ती गुंडप्पाच्या धान्याच्या आडतीवर गेली. तिथं विठ्ठलराव बसले होते, आणखी बरेच लोक होते.

"आण्णा," ती उभ्यानंच म्हणाली, "ह्या कागदात जे हाय ते आज वाचून दाखव."

गुंडप्पानं नक्कल बघितली आणि त्याचा चेहरा क्षणभर उतरला. मग तो सावरला. "गंगे, घरी चल. सत्यभामानं भाकरी टाकलीय."

"भाकरी खायाला न्हाई आले. वाच."

विठ्ठलराव मध्ये पडले. मोठा माणूस, चार गावांत शब्द चालायचा. "हे बघ बाई. अंगठा तुजाच हाय ना?"

"माजाच."

"कुनी हात धरून लावला व्हता का?"

"न्हाई."

"सायबानं विचारलं, तवा व्हय कोन म्हनलं?"

"मीच."

"मंग? मानूस मोकळा असतो. न्हाई म्हनायला तुला तोंड व्हतं. न्हाई म्हनली न्हाईस, म्हंजी तुजी मर्जी व्हती. न्याय हाच."

आडतीवरचे लोक माना हलवू लागले. शिवगंगेनं विठ्ठलरावांकडं तोंड केलं. मग म्हणाली, "तोंड व्हतं, विठ्ठलराव. पर न्हाई कशाला म्हनायचं, त्येच मला दाखीवलं न्हवतं. बैलाला डोळं बांधून घान्याला जुपायचं आन् म्हनायचं, बग, त्यो आपल्या मर्जीनं फिरतोय! ही कसली मर्जी? व्हय मी म्हनले. कशाला म्हनले, त्ये ह्येनं ठरीवलं."

"लई शिकली की बे बहीन तुजी, गुंडप्पा," मागून कुणीतरी म्हणालं आणि लोक हसले.

चार वर्षांपूर्वीचं कचेरीतलं हसू ते हेच होतं. आज तिला ते ओळखता आलं.

"मला जमीन नको," ती भावाला म्हणाली. "ह्या मानसांच्या देखत येवढं म्हन, की मी बहिनीला खोटं वाचून दाखीवलं. मी नक्कल फाडून टाकते आन् तुज्या घरी जेवाया येते."

गुंडप्पा तराजूकडं बघत राहिला. "झालं गेलं. घरातलं बाहेर कावून काढतीस?"

"म्हन."

"न्हाई म्हनत," तो म्हणाला. "काय करशील?"

तेव्हा तिला काही करता येण्यासारखं नव्हतं. केजच्या वकिलानं सांगितलं होतं की साक्षीदार फुटल्याशिवाय काही होणार नाही, आणि साक्षीदार विठ्ठलराव होते. ती एवढंच म्हणाली, "आजपासून तुज्या घरचं पानी मला वर्ज्य. आन् तुला पान्याची येळ यील तवा मी काय करीन, त्ये मीच ठरवीन. माज्या राजीखुशीनं."

पुढची चार वर्षं दिवाळीला गुंडप्पानं लुगडं धाडलं की ते ज्या गाडीनं आलं त्याच गाडीच्या कंडक्टरकडं ती परत द्यायची. ओढ्यापर्यंतच्या तुकड्यावर रुद्रेशनं राखेच्या विटांची भट्टी घातली. परळीच्या वीज केंद्राची राख ट्रक भरून यायची आणि रस्त्याकडच्या जमिनीला सोन्याचा भाव आला होता. निंब तोडला. बापाच्या समाधीवर राखेचा थर बसला. हे तिला गावची माणसं सांगायची आणि सांगून तिच्या तोंडाकडं बघायची. ती हातातलं काम चालू ठेवायची. दुपारी कामावरून आली की वही घेऊन बसायची. पाढे नाहीत, ओव्या नाहीत, एकच मजकूर ती लिहायची, खोडायची, पुन्हा लिहायची. अक्षर मोठंच राहिलं. पण तो मजकूर तिच्या ओठांवर इतका बसला की भाकरी थापताना तिचे ओठ हलायचे. दिराची बायको वीतभर फटीतून बघायची आणि नवऱ्याला सांगायची, बाई मंतर करती.

सूड म्हणजे काय असतो, हे ज्याला लागलं नाही त्याला सांगून कळत नाही. दुखण्यातल्या माणसाला औषधाची वेळ आठवते तसा तो आठवतो. भावाची भट्टी जळावी असं शिवगंगेला कधी वाटलं नाही. त्याच्या पोराबाळांचं वाईट व्हावं असंही नाही. ज्या जागी तिला उभी केली होती, त्या जागी त्याला एकदा उभा करायचा होता. डोळे बांधून. बस.

नव्व्याण्णव सालच्या आषाढात ती वेळ आली. गुंडप्पाला साखरेचा आजार होताच, त्यानं दोन्ही डोळे गेले. मग अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू लुळी पडली. अन्न जाईना, पण जीवही जाईना. घरी येणारे जंगम स्वामी म्हणाले, "कुठंतरी गाठ अडकलीय. बहिणीच्या हातचं पाणी मागतोय, ते पाजा." सूर्याला ग्रहण लागून सुटलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, श्रावणाच्या पहिल्या दिवशी, रुद्रेश जीप घेऊन केजकडं आला.

"आत्या, चला. आमच्या आप्पानी बोलीवलंय. तुमचंच नाव घेत्यात."

"येते," ती म्हणाली. कोठ्यात गेली, पानसुपारीच्या चंचीत घडी केलेला कागद आणि शाईच्या गादीची डबी ठेवली. डबी तिनं केजमधून कधीच आणून ठेवली होती.

गुंडप्पा माजघरात खाटेवर होता. उशाला सत्यभामा, पायाशी विठ्ठलराव. आता सरपंच नव्हते, पण बसायची ऐट तीच. बहिणीचा आवाज ऐकल्याबरोबर गुंडप्पानं डावा हात पुढं केला.

"गंगे. आलीस? चूकभूल माफ कर."

"कोन्ती चूक?"

त्यानं पुढं केलेला हात खाली घेतला.

"आता कशाला उकरतीस?" सत्यभामा रडत म्हणाली. "मरनाऱ्या मानसाला माफ करावं वन्सं. तुमचा धरम हाय त्यो."

"माफी बी राजीखुशीनंच द्यायची असती, वैनी. दडपन आनून घेतली तर तिचंबी हक्कसोडपत्र व्हतं." तिनं चंचीतून कागद काढला. "आण्णा, हा कागद मी माज्या हातानं लिव्हलाय. वाचून दाखविते. पटला तर अंगठा दे. मंग पानी पाजते."

रुद्रेश पुढं आला. "बघू आत्या."

"हात लावू नको. त्या दिशी माज्या वतीनं कुनी बघितला व्हता? आंधळ्यानं ऐकायचं आन् अंगठा लावायचा. माजी डोळस असून तीच गत व्हती."

"आप्पा, लावू नका," रुद्रेश म्हणाला. "काय लिव्हलंय कुनाला ठावं."

"बरुबर," शिवगंगा म्हणाली. "न्हाई म्हन, आण्णा. तू मोकळा हायस. तोंड हाय तुला. इचार ह्या विठ्ठलरावाला."

विठ्ठलराव खाकरले.

मग तिनं वाचलं. "लिहून देणार गुंडप्पा शिवशंकर, राहणार सिरसाळा. लिहून देतो की, एकोणीसशे एक्क्याण्णव साली माझी बहीण शिवगंगा हिला मी कागद खोटा वाचून दाखवला. कागदात तिचे नाव कमी करायचे होते. मी नाव लावायचे आहे असे वाचले. बापाचा शब्द मी मोडला. हे मी राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून देतो."

विठ्ठलरावांनी उपरणं तोंडाला लावलं.

"बास?" गुंडप्पानं विचारलं.

"बास."

"येवढंच हाय?"

"येवढंच."

त्यानं डावा हात पुढं केला. तिनं त्याचा अंगठा शाईवर टेकवला आणि कागदावर धरला. अंगठा उठवताना त्याची बोटं कागदाच्या कडेवर फिरली. एक पान, दुसरं पान, तिसरं पान. त्यानं पुन्हा चाचपलं.

"गंगे, ही तीन पानं हायत."

"हायत."

"तू वाचलीस त्या तर पाच वळी. पाच वळींना तीन पानं कावून लागतील?"

माझं अक्षर मोठं आहे, एवढं एक वाक्य तिला बोलायचं होतं. ओठांपर्यंत आलंही. एका ओळीत दोन शब्द, रोहिणी म्हणते कलिंगड, एवढं म्हटलं असतं तर सत्यभामाही हसली असती आणि गुंडप्पा सुटला असता. घरातून निघताना तिनं हे ठरवलेलं नव्हतं. तिला फक्त त्याची कबुली पाहिजे होती आणि ती मिळाली होती. पण त्याच्या आंधळ्या चेहऱ्यावर जे उमटलं ते तिनं बघितलं. घाण्याच्या बैलाचा चेहरा. चार वर्षं ती तो चेहरा बघायला जगली होती. बोलायचं की नाही, हे तिच्या हातात होतं. कुणाचं दडपण नव्हतं.

ती बोलली नाही.

कागदाची घडी करून चंचीत घातली, वाटीभर पाणी आणलं आणि चमच्यानं त्याच्या तोंडात सोडलं. "घे. शबुद दिलता, पाळला." आणि उठून माहेरच्या गल्लीतच चुलतभाऊ बंकट राहायचा, त्याच्या घरी मुक्कामाला गेली.

त्या दिवसापासून गुंडप्पाला पाणी गोड लागेना. दोन दिवसांनी त्यानं रुद्रेशला परळीच्या कचेरीत पाठवलं, आत्यानं काही रजिस्टर केलंय का बघ. काही नव्हतं. चौथ्या दिवशी पुन्हा पाठवलं. रुद्रेश वैतागून बंकटच्या घरी आला.

"आत्या, कागद दाखवा. तुमच्या पाया पडतो."

तिनं लगेच काढून दिला. त्यानं उभ्यानं वाचला. मोठमोठी, वेडीवाकडी, पाटी कोरल्यासारखी अक्षरं. आत्यानं वाचला होता तोच मजकूर, शब्दाला शब्द. तिसऱ्या पानावर बापाचा अंगठा. रुद्रेशनं कागदाची घडी करून परत दिला. वाचताना त्याचे कान तापले होते. जमिनीची ही गोष्ट त्यालाही कुणी खरी सांगितली नव्हती.

तो घरी पळत गेला. "आप्पा, मी डोळ्यानं बघितला. तितकंच हाय. अक्षर लई मोठं हाय आत्याचं, म्हनून तीन पानं."

गुंडप्पा कडवट हसला. "तिनं तुला दुसरा कागद दाखीवला."

"न्हाई आप्पा. तुमचा अंगठा हाय त्याच्यावर."

"मंग तू मला खोटं सांगतुयास. मी घाबरू नये म्हनून. भट्टी गेली. घर बी गेलं आसंल. सांग, घर बी लिव्हून घेतलंय?"

"आप्पा, साध्या कागदावर अंगठा लावून जमीन जात नसती."

"जाती!" तो ओरडला. "मला इचार, कशी जाती!"

सत्यभामानं सांगितलं, स्वामींनी सांगितलं, विठ्ठलरावांनी शपथ घेतली. गुंडप्पानं कुणाचं धरलं नाही. जो जो कागद वाचून येईल तो तो बहिणीला फितूर झाला, असं त्याचं पक्कं झालं. खोटं वाचून ज्यानं बहिणीला फसवलं, त्याला आता कुणाचंच वाचन खरं वाटेना. विठ्ठलरावांना तर तो म्हणाला, "तुमी नका सांगू. तुमी तवा बी साक्षीला व्हता." आणि मग भर माजघरात, चार शेजारी बसलेले असताना, त्यानं जे आडतीवर म्हणायला नकार दिला होता ते सगळं आपणहून म्हटलं. खोटं कसं वाचलं, एक ओळ दोनदा कशी वाचली, पेढा कसा खाल्ला. "तवाचं सगळं कबूल करतो, पर तिला म्हनावं, कागदात काय हाय त्ये खरं सांग."

दहाव्या दिवशी रुद्रेश पुन्हा आला. आता त्याच्या आवाजात राग नव्हता. "आत्या, तुमी स्वतः येऊन सांगा. तुमचंच ऐकतील."

ती गेली. खाटेजवळ बसली. कागद उलगडला आणि त्याच्या डाव्या हातात एक कड दिली, म्हणजे वाचणं कागदावरूनच चाललंय हे त्याला कळावं. मग वाचला. लिहून देणार गुंडप्पा शिवशंकर, राहणार सिरसाळा. तेच, तसंच, एक शब्द इकडं नाही की तिकडं नाही.

गुंडप्पा कान देऊन ऐकत होता. शेवटचा शब्द झाला तेव्हा तो हळू आवाजात म्हणाला, "गंगे, तू कुठंच अडखळली न्हाईस."

"न्हाई."

"साठीला टेकलेली बाई, चार अक्षरं शिकलेली. कागदावरचं वाचती तर अडखळली असतीस. मनचं बोललीस म्हनून न अडखळता बोललीस. मी बी असंच वाचलतं."

चार वर्षं भाकरी थापताना तो मजकूर घोकून घोकून अडखळणं पुसून गेलं होतं, हे ती सांगू शकत होती. पण यावेळी सांगूनही उपयोग नव्हता आणि ते तिलाही माहीत होतं. तिनं त्याला पूर्ण सत्य दोनदा वाचून दाखवलं होतं. न ऐकण्याची मोकळीक त्याची होती.

"व्हय, आण्णा," ती म्हणाली. "तू बी असंच वाचलतंस."

त्यानं तोंड भिंतीकडं फिरवलं. त्यानंतर पाणी तोंडात घालू दिलं नाही, बायकोलाही नाही.

दोन दिवसांनी समाधी खणताना रुद्रेश म्हणाला, तो कागद आप्पांच्या मांडीवर ठेवून मातीआड करू, म्हणजे संपलं. शिवगंगेनं दिला नाही. एक्क्याण्णव सालची नक्कल आणि तो कागद एकाच घडीत घालून तिनं चंचीत ठेवला आणि संध्याकाळच्या आत केजच्या गाडीत बसली. महिन्याभरानं रुद्रेशनं भट्टी ओढ्याच्या पलीकडं हलवली, आजोबांची समाधी धुतली, आणि आत्याला निरोप धाडला, पत्रे टाकून ठेवलेत. ती गेली. तिनं दाराला आतून आधी कडी घालून बघितली. वर फट नव्हती.

तुला त्याचं वाईट वाटलं का, असं पुढं बायका तिला विचारायच्या. ती सांगायची, सख्खा भाऊ होता, रडू आलं. आणि समाधान झालं का, असं विचारलं तर तेही लपवायची नाही. झालं, म्हणायची.

गुंडप्पा शिवशंकर हा तेवीस ऑगस्ट एकोणीसशे नव्व्याण्णव रोजी, श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी सकाळी, सिरसाळ्यात आपल्या राहत्या घरी वारला.